प्रवासी विमानातून टँकरवर: जाहिरातीपासून पहिल्या इंधनभरणीपर्यंतचे वीस महिने

१२ सप्टेंबर २०२२ रोजी मी एक जाहिरात वाचली. एअरबस ए-३३० चालवण्याचा अनुभव असलेले, प्रवासी विमानसेवेतले वैमानिक हवे होते. ब्रिटिश नागरिकत्व, सुरक्षा मंजुरी मिळण्याची पात्रता आणि तिथल्या शाही हवाई दलाच्या राखीव दलात दाखल होण्याची तयारी, अशा तीन अटी होत्या. काम टँकरवरचे होते, म्हणजे लढाऊ विमानांना आकाशातच इंधन पुरवणारे विमान चालवण्याचे. त्या दिवसापासून १४ मे २०२४ पर्यंत, म्हणजे माझ्या विमानाच्या नळीतून पहिल्या लढाऊ विमानाने इंधन घेतले त्या दिवसापर्यंत, वीस महिने गेले. त्यांतला टँकरचे काम शिकण्यात गेलेला काळ तीन महिन्यांहून कमी होता. बाकीचा सगळा काळ कागदपत्रांत, वाट पाहण्यात आणि बडोद्याच्या घराशी माझे नाते यापुढे कोणत्या कागदावर टिकणार, हे ठरवण्यात गेला.

माझा जन्म १९८१ चा, बडोद्याच्या सयाजीराव रुग्णालयातला. दांडिया बाजारातल्या घरात वाढलो, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विभागातून, ज्याला आमच्या घरी अजूनही कलाभवनच म्हणतात, पदवी घेतली आणि २००३ मध्ये इंग्लंडला गेलो. कर्ज काढून उड्डाण शिकलो, २०१३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि पुढे ए-३३० वर सहवैमानिक व मग कप्तान झालो. ऑगस्ट २०२० मध्ये विमानसेवेने आमच्यापैकी अनेकांना कमी केले. त्यानंतरची दोन वर्षे मी मालवाहतुकीच्या विमानांवर तात्पुरत्या करारांनी काढली. अर्ज करताना मी इंग्रजीतले अनेक अनुभव वाचले, परंतु ते सर्व तिथेच जन्मलेल्या आणि वाढलेल्या लोकांचे होते, त्यामुळे ज्या प्रश्नांनी मला सर्वाधिक अडवले त्यांचा त्यांत उल्लेखही नव्हता. ते प्रश्न माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला पडले, तर त्याला अगदी शून्यापासून सुरुवात करावी लागू नये, यासाठी हे लिहितो आहे.

भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतीय हवाई दलाचे स्वतःचे टँकर म्हणजे २००३ पासून सेवेत आलेली आयएल-७८ विमाने. त्यांचा तळ आग्र्याला आहे आणि ती हवाई दलाचे वैमानिकच चालवतात. ए-३३० चा टँकर भारताने दोनदा निवडला होता, मात्र २०१० आणि २०१६ मध्ये ती खरेदी प्रक्रिया रद्द झाली. ब्रिटनने वेगळा मार्ग घेतला. २००८ मध्ये एका खासगी कंपनीशी सत्तावीस वर्षांचा करार करून चौदा ए-३३० विमानांची सेवाच भाड्याने घेतली. या विमानांना तिथे व्हॉयेजर म्हणतात. ती चालवणाऱ्यांत हवाई दलाचे वैमानिक असतातच, शिवाय कंपनीच्या नोकरीतले काही वैमानिक 'स्पॉन्सर्ड रिझर्व्ह' म्हणून, म्हणजे कंपनीचे कर्मचारी राहूनच राखीव दलाचे सदस्य म्हणूनही काम करतात. १९९६ च्या राखीव दल कायद्याने ही सोय निर्माण केली आणि तिचा पहिला उपयोग हवामान खात्याच्या फिरत्या पथकासाठी झाला होता. एरवी आपण नागरी कर्मचारी असतो. सेवेसाठी बोलावणे आले, की गणवेश आणि लष्करी कायदा दोन्ही लागू होतात.

अर्ज पाठवायला मला तेरा दिवस लागले, कारण लॉगबुकातील तासांची विभागणी त्यांना हवी तशी नव्हती. कप्तान म्हणून किती, सहवैमानिक म्हणून किती, ए-३३० वर किती, गेल्या बारा महिन्यांत किती, असे सर्व वेगवेगळे मागितले होते, आणि माझे मालवाहू उड्डाणांचे तास दोन वेगळ्या वह्यांत होते. नोकरीतला एकही महिना कोरा सोडू नये, हे मला तेव्हाच कळले. २०२० मधले नोकरी नसलेले चार महिने मी 'बेरोजगार, बचतीवर उपजीविका' असे सरळ लिहिले. पुढे सुरक्षा छाननीत हेच चार महिने पुन्हा विचारले गेले आणि दोन्ही ठिकाणचे उत्तर एकच असल्याचा उपयोग झाला. टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक जातीचे विमान चालवण्याच्या परवानगीचे, वार्षिक नूतनीकरण नेमके त्याच महिन्यात संपत होते. ते मी स्वतःच्या खर्चाने करून घेतले, त्याला १,६५० पौंड लागले, आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचे आणखी १९०. नोकरीची खात्री नसताना हा खर्च जड वाटला. तरीही रेटिंग संपू देऊ नये असेच मी सांगेन, कारण चालू रेटिंग नसलेल्या उमेदवाराला पुढे बोलावतील की नाही, हा धोका मला पत्करायचा नव्हता.

नोव्हेंबरमध्ये दूरध्वनीवरून पाऊण तासाची मुलाखत झाली, आणि १८ जानेवारी २०२३ ला सिम्युलेटरसाठी, म्हणजे उड्डाणाच्या सराव-यंत्रावरील परीक्षेसाठी, बोलावणे आले. सरावासाठी मी दोन तासांचे सिम्युलेटर सातशे पौंड देऊन भाड्याने घेतले होते आणि त्यात मी इंजिन बंद पडणे, स्वयंचलित यंत्रणा काढून हाताने उतरवणे, अशी नेहमीची कामे घोटून घेतली होती. परीक्षेचा पहिला तास त्याच वळणाचा गेला. दुसऱ्या तासात त्यांनी नकाशावर एक लांबट वर्तुळ आखून दिले, दोन समांतर सरळ रेषा आणि टोकांना वळणे असलेले, आणि ठरलेल्या बिंदूवर ठरलेल्या दिशेने तोंड करून नेमक्या ठरलेल्या सेकंदाला पोहोचायला सांगितले. मी चाळीस सेकंद उशिरा पोहोचलो. इतक्या वर्षांची सवय अशी, की वेळ जुळत नसेल तर वेग कमी करावा आणि इंधन वाचवावे. परीक्षकांनी कारण विचारले आणि मी हेच उत्तर दिले. ते म्हणाले, "तुमची वाट पाहणाऱ्याकडे चाळीस सेकंदांचे जास्तीचे इंधन नसेल, असे गृहीत धरून पुन्हा करा." दुसऱ्या फेरीत मी चार सेकंद आधी होतो. प्रवासी विमानात आपण आपल्या इंधनाचा विचार करतो आणि टँकरवर दुसऱ्याच्या, हा फरक मला त्या एका वाक्यात समजला, आणि माझ्या मते ही संपूर्ण निवड त्यावरच होते. विमान चालवता येते की नाही, हे त्यांनी लॉगबुकवरून आधीच मानलेले असते.

त्याच दिवशी दुपारी मुलाखत झाली. तिसरा प्रश्न असा होता, की राखीव दलात बोलावले गेल्यावर कोणत्याही कामगिरीला तुमची वैयक्तिक हरकत असेल का. मी तयारी करून गेलो होतो, तरी उत्तर देताना घसा कोरडा पडला. २०१३ मध्ये शपथ घेऊन नागरिकत्व स्वीकारताना मी सवलतींबरोबर कर्तव्येही स्वीकारली आहेत, असे मी म्हणालो. माझे आईवडील भारतात आहेत हेही सांगितले आणि ते लपवण्याची गोष्ट नाही असे मला वाटते, हेही सांगितले. ६ फेब्रुवारीला सशर्त नेमणुकीचे पत्र आले. अटी तीन होत्या: सुरक्षा मंजुरी, लष्करी वैद्यकीय तपासणी आणि राखीव दलातील नियुक्ती.

सुरक्षा छाननीचे दोन टप्पे असतात. पहिला प्राथमिक स्वरूपाचा, ओळख, नागरिकत्व, मागील नोकऱ्या आणि गुन्ह्यांची नोंद पाहणारा. तो तीन आठवड्यांत संपला. दुसऱ्या टप्प्यासाठी साधारणपणे ब्रिटनमधला मागील पाच वर्षांचा रहिवास अपेक्षित असतो, आणि त्याच्या अर्जात स्वतःबरोबर जोडीदाराची व आईवडिलांची संपूर्ण नावे, पूर्वीची नावे, जन्मतारखा, जन्मस्थाने, तसेच स्वतःची आर्थिक स्थिती द्यावी लागते. पूर्वीची नावे या रकान्यापाशी मी अडकलो. माझ्या आईचे माहेरचे नाव वेगळे आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिले गेलेले सासरचे नाव वेगळे. आणि माझ्या जन्मदाखल्यावर, बहुधा आजीने तोंडी सांगितले म्हणून, घरात हाक मारण्याचे तिसरेच नाव आहे. पासपोर्टवर सासरचे नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे. जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना तीच लिहिण्याची पद्धत होती. प्रत्यक्षात ती कोजागिरीच्या आसपास जन्मली. मी फक्त पासपोर्टवरचे नाव आणि माहेरचे आडनाव लिहून अर्ज पाठवला. एप्रिलमध्ये प्रश्न आला: तुमच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून नोंद असलेली व्यक्ती आणि अर्जात दिलेली व्यक्ती एकच आहे का?

याचे उत्तर पत्राने देता आले असते, पण आईला दूरध्वनीवरून कागद शोधायला सांगणे मला बरे वाटेना. मेच्या पहिल्या आठवड्यात मी सोळा दिवसांसाठी बडोद्याला गेलो. विमानाचे तिकीट ६२० पौंडांना मिळाले. उन्हाने रावपुऱ्याचा रस्ता दुपारी ओस पडलेला असायचा. आईने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली. तिचा शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, माझे लसीकरणाचे पिवळे पडलेले कार्ड, बाबांचे नेमणूकपत्र, सगळे एका जुन्या साडीत बांधलेले होते. लग्नपत्रिकेत दोन्ही कुळांची नावे आणि आईचे माहेरचे नाव होते, हा एक दुवा झाला. रेशनकार्डावर सासरचे नाव होते, हा दुसरा. न्यायमंदिराजवळच्या एका नोटरीकडे आईने "ही तिन्ही नावे माझीच आहेत" असे प्रतिज्ञापत्र केले, आणि गुजराती जन्मदाखल्याचे व मराठी लग्नपत्रिकेचे इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेतले. एकूण २,४०० रुपये आणि चार दिवस लागले. सही करताना आईने नोटरीला विचारले की माहेरचे नाव आधी लिहायचे का सासरचे. त्यांनी आधी माहेरचे लिहायला सांगितले. बावन्न वर्षांनी ती ते नाव लिहीत होती. तिने सावकाश, एकेक अक्षर नीट जोडून लिहिले.

माझ्यासारख्या इतरांना इथे एवढेच सुचवतो, की आईची, आणि पत्नीचे नाव बदलले असेल तर तिचीही, आजवरची सर्व नावे पहिल्याच अर्जात द्यावीत आणि प्रत्येक नावासमोर ते कोणत्या कागदावर आहे हे लिहावे. जन्मतारीख पासपोर्टवर आहे तीच लिहावी, खरी तिथी माहीत असली तरी. आणि अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, कुणी मागितल्याशिवाय करू नये. मी एका दलालाच्या सांगण्यावरून त्यासाठी पैसे भरले, आणि ते शिक्के छाननीत कुणी पाहिलेही नाहीत.

बाबा कोयलीच्या गुजरात रिफायनरीतून निवृत्त झालेले. कागदपत्रांपेक्षा त्यांना इंधनाची उत्सुकता अधिक होती. टँकरमध्ये किती मावते, या त्यांच्या प्रश्नावर मी सांगितले की या विमानात वेगळी टाकी बसवलेली नाही, ए-३३० च्या नेहमीच्याच टाक्यांत १११ टन इंधन मावते आणि त्यातलेच स्वतः वापरायचे व त्यातलेच वाटायचे, तर त्यांनी लगेच कागदावर आकडेमोड सुरू केली. टायफून या लढाऊ विमानाच्या अंतर्गत टाक्यांत सुमारे पाच टन मावते, हे कळल्यावर किती विमाने भरता येतील याचा हिशेब त्यांनी केला आणि मग स्वतःच तो खोडला, "तुला परत यायलाही लागेल की." लष्करी इंधन वेगळे असते का, हेही त्यांनी विचारले. नेटो देशांत एफ-३४ नावाचे जे इंधन वापरतात ते म्हणजे प्रवासी विमानांचे नेहमीचे जेट ए-१ च, त्यात बर्फ होऊ न देणारे आणि इतर काही घटक मिसळलेले, हे ऐकून त्यांचे समाधान झाले. ज्या द्रवाची गुणवत्ता त्यांनी आयुष्यभर तपासली त्याच्याशी माझ्या नव्या कामाचा एवढा थेट संबंध असेल, असे आम्हा दोघांनाही आधी वाटले नव्हते.

मामांशी झालेले बोलणे अधिक कठीण होते. ते भारतीय हवाई दलात विमान-तंत्रज्ञ होते आणि निवृत्तीनंतर मकरपुऱ्याला राहतात. दोन्ही देशांची हवाई दले 'इंद्रधनुष' नावाचे संयुक्त सराव २००६ पासून करत आली आहेत, आणि २०२३ च्या मार्चमध्ये भारताची मिराज विमाने ब्रिटनमधल्या सरावाला जाऊन आली होती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. भारतीय आणि ब्रिटिश टँकर दोन्ही नळी व टोपलीच्याच पद्धतीने इंधन देतात, म्हणजे टँकर टोकाला टोपली असलेली लवचिक नळी मागे सोडतो आणि येणारे विमान आपली इंधन घेण्याची दांडी त्या टोपलीत बसवते, हेही त्यांनीच मला सांगितले. पण शेवटी ते म्हणाले, "तू चांगले काम करशील यात मला शंका नाही. मात्र गणवेश चढवण्याआधी तुझ्या त्या कार्डाचे काय होणार ते बघ." मी ते पाहिलेच नव्हते. त्यांनी विचारले नसते तर कदाचित फार उशिरा पाहिले असते.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. माझ्यासारख्यांकडे असते ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, ज्यावर आजन्म व्हिसाशिवाय ये-जा करता येते. या योजनेच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की परदेशी लष्करात सेवेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळत नाही. मला कार्ड मिळाले तेव्हा मी नागरी वैमानिक होतो. राखीव दलाची सनद स्वीकारल्यानंतर ते वापरत राहणे मला योग्य वाटेना. एका वकिलांचा सल्ला घेतला, ३६० पौंड दिले. त्यांचे मत असे होते की आपण होऊन कार्ड सोडणे हा स्वच्छ मार्ग आहे, आणि त्यासाठी नागरिकत्व कायदा, १९५५ मध्ये कलम ७-सी आहे. त्याच कलमात त्यांनी मला पुढची ओळ दाखवली: कार्ड सोडणाऱ्याच्या अल्पवयीन मुलांचे कार्डही त्याबरोबर संपते. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. दर उन्हाळ्यात ती आजीकडे येते. पत्नीचे कार्ड तिचे स्वतःचे असल्याने त्याला धक्का नव्हता.

जून आणि जुलै आम्ही यावर बोलत राहिलो. मी आईला सांगितले की नोकरी नाकारूही शकतो, मालवाहतुकीचे काम आहे. तिने विचारले, "येणे बंद होणार का?" मी म्हणालो, नाही, पण दर वेळी व्हिसा काढावा लागेल आणि त्याला आठवडे लागू शकतात. तातडीने यायची वेळ आली, तर तेवढा वेळ कदाचित नसेल, हे मी बोललो नाही, पण ते दोघांनाही कळले. बाबांनी निर्णय माझ्यावर सोडला. मला हे काम करायचे होते. तीन वर्षे तात्पुरत्या करारांवर काढल्यानंतर मला कुठेतरी नीट उपयोगी पडायचे होते, आणि जिथे राहतो त्या देशाला माझ्याकडून जे देता येण्यासारखे होते ते हेच होते. हा प्रश्न मी जाहिरात वाचली त्या आठवड्यात सोडवायला हवा होता. नेमणुकीचे पत्र हातात असताना तो सोडवणे घरातल्या सर्वांवर अन्याय करणारे होते. म्हणून कुणालाही सांगायचे झाले तर मी लॉगबुकच्याही आधी हेच सांगतो.

२९ ऑगस्ट २०२३ ला सुरक्षा मंजुरी आली. सप्टेंबरमध्ये लष्करी वैद्यकीय तपासणी झाली. त्यात लसीकरणाची पूर्ण नोंद मागितली, आणि पेटीतले ते पिवळे कार्ड तिथे उपयोगी पडले. नसते तर काही लसी नव्याने घ्याव्या लागल्या असत्या. ऑक्टोबरमध्ये मी दोन्ही कार्डे सोडण्याचा अर्ज केला. नोव्हेंबरपासून कंपनीत रुजू झालो आणि सुरुवातीचे तीन महिने नागरी पद्धतीची उड्डाणे केली, त्यांत फॉकलंड बेटांची दूरची फेरीही होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अल्पमुदतीचे लष्करी प्रशिक्षण झाले: सलामी, नियम, युद्धकाळातील आंतरराष्ट्रीय कायदा, शस्त्र हाताळणी. बेचाळिसाव्या वर्षी बावीस वर्षांच्या मुलांबरोबर रांगेत उभे राहायला मला संकोच वाटेल असे वाटले होते. वाटला नाही. त्यांनी मला संचलन शिकवले आणि मी त्यांना हवामानाचे नकाशे वाचायला मदत केली.

टँकरचे प्रशिक्षण मार्चमध्ये सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या सर्वांत खोल सवयीला हात घातला गेला. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे गेली, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. त्यातले एक आयएल-७६ होते, ज्यापासून भारताचा टँकर बनला त्याच जातीचे. त्या अपघातानंतर टक्कर टाळणारी यंत्रणा, टीकॅस, भारतात सक्तीची झाली. प्रत्येक प्रवासी वैमानिकाच्या हाडात मुरलेले असते, की दुसरे विमान जवळ येता कामा नये आणि टीकॅसने आज्ञा दिली तर विचार न करता ती पाळायची. टँकरवर मात्र विमान जवळ येणार म्हणूनच आपण तिथे असतो, आणि ते येण्यापूर्वी टीकॅसच्या आज्ञा देणाऱ्या भागाला आपल्याच हाताने गप्प करावे लागते. सिम्युलेटरमध्ये ते बटण फिरवताना पहिल्या दोन्ही वेळा माझा हात थांबला. प्रशिक्षकांनी घाई केली नाही. त्याची जागा कशाने घेतली जाते हे त्यांनी समजावले. येणारे विमान आधी डाव्या बाजूला दिसेल अशा जागी येते, परवानगी मिळाल्यावरच नळीच्या मागे जाते, आणि इंधन घेऊन उजव्या बाजूने निघते. प्रत्येक पायरीला ठरलेले शब्द असतात. यंत्राच्या जागी शिस्त ठेवलेली आहे. ती एकदा मनात बसली की हात थांबत नाही.

दुसरा धडा कॉकपिटच्या स्वच्छतेचा होता. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी एका व्हॉयेजरमध्ये कप्तानाचा कॅमेरा हातटेकू आणि साइड-स्टिक, म्हणजे विमान वळवण्याची बाजूची काठी, यांच्यामध्ये अडकला, आसन पुढे सरकले तशी काठी पुढे दाबली गेली आणि विमान सत्तावीस सेकंदांत ४,४०० फूट खाली आले. अधिकृत अहवाल प्रसिद्ध आहे आणि तो आम्हाला ओळीने ओळ वाचायला लावला. पूर्वी मीही त्याच जागी चष्म्याची डबी ठेवत असे. आता उड्डाणापूर्वी माझे खिसे रिकामे असतात.

१४ मे २०२४ ला उत्तर समुद्रावर, आखलेल्या त्या लांबट वर्तुळात आम्ही दोन टायफून विमानांची वाट पाहत होतो. पंखांखालच्या दोन्ही नळ्या सुमारे सत्तावीस मीटर लांब बाहेर सोडलेल्या. वैमानिकाला मागचे काहीच दिसत नाही. आमच्या मागे बसलेली सहकारी कॅमेऱ्यांच्या पडद्यावर पाहून सगळे सांगते. नळीच्या घरावर तीन रंगांचे दिवे असतात: तांबडा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे या, हिरवा म्हणजे इंधन वाहते आहे. पहिल्या विमानाची दांडी आमच्या नळीच्या टोपलीत बसल्याचे तिने सांगितले, पण मला काहीही जाणवले नाही. इंधनाचा आकडा तेवढा आमच्या वापरापेक्षा वेगाने उतरू लागला. माझे काम फक्त वळण अतिशय सावकाश घेण्याचे आणि वेग जराही न हलू देण्याचे होते. अकरा मिनिटांनी दोन्ही विमाने उजव्या बाजूला आली. त्यांतल्या एका वैमानिकाने हात उंचावला. त्याचा चेहरा दिसण्याइतके जवळ दुसरे विमान मी त्याआधी कधीच हवेत पाहिले नव्हते. नोंदवहीत 'दिलेले इंधन' या रकान्यात आठ टन लिहिले आणि संध्याकाळी तो आकडा बाबांना कळवला.

दिवाळीसाठी बडोद्याला जायचे ठरले. एन्ट्री व्हिसासाठी ऑगस्टच्या शेवटी अर्ज केला. पूर्वीचे भारतीय पारपत्र रद्द केल्याचे प्रमाणपत्र आणि ओसीआय सोडल्याचे प्रमाणपत्र दोन्ही जोडले. मुलीचा व्हिसा पाच आठवड्यांत आला, माझा सातव्या आठवड्यात. नोकरीच्या रकान्यात राखीव दलाचा उल्लेख मी केला होता आणि तो करावाच, असे माझे मत आहे. २६ ऑक्टोबर २०२४ ला आम्ही पोहोचलो. दोन दिवसांनी शहरात टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन होते, आणि भारताच्या व स्पेनच्या पंतप्रधानांसाठी रस्ते सजवलेले होते. माझा टँकर जिथे प्रवासी विमानापासून टँकर बनतो, ते माद्रिदजवळचे गेटाफे त्याच कंपनीचे, हे बाबांना सांगितले. त्यांनी सी-२९५ ला हवेत इंधन देता येते का, असे विचारले, आणि आम्ही दोघे माहितीपत्रक शोधत बसलो.

जाण्याच्या आदल्या दिवशी आईने माझ्याकडून दोन्ही ओसीआय सोडल्याच्या प्रमाणपत्रांच्या प्रती मागून घेतल्या, लसीकरणाच्या कार्डाबरोबर साडीत बांधल्या आणि पेटी पलंगाखाली सरकवली. पुढच्या व्हिसाचा अर्ज कधी करायचा, ती तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे.